रोममधला एक दिवस

(मंडळाच्या गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात केलेले भाषण)



युरोपच्या सहलीबद्दल चार शब्द बोला, असा सचिवांचा आग्रह. सगळी सहल सांगत बसलो तर महाप्रसाद निवेल. म्हणून फक्त एक दिवस सांगतो, रोमचा. त्या दिवशी मी आणि सौ. सकाळपासून पायीच फिरलो.

सुरुवात कलोसियमपासून. सम्राट टायटसनं इ. स. ८० मध्ये त्याचं उद्घाटन केलं. लांबी १८९ मीटर, आणि सुमारे ५० हजार प्रेक्षक बसतील एवढी जागा. आत जायला खाली ८० कमानी होत्या. बहुतेक कमानींवर आकडे कोरलेले असत, त्यातले काही आजही वाचता येतात. एवढी गर्दी गोंधळाविना आत सोडायची आणि बाहेर काढायची, हे त्यांना तेव्हा जमत होतं. आपल्या विसर्जन समितीनं अवश्य अभ्यास करावा!

पण भिंतींवर जागोजागी भोकं दिसतात. सौ. म्हणाली, "अहो, या गोळ्यांच्या खुणा का?" तसं नाही. दगड एकमेकांना जोडायला आत लोखंडी पकडी बसवल्या होत्या. सहाव्या शतकात इथले खेळ बंद पडले आणि पुढे लोकांनी ते लोखंड उपटून नेलं. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेकडची बाजू ढासळली, तेव्हा पडलेले दगडही शहरातल्या नव्या इमारतींना लागले. एवढी मोठी वास्तू, पण तिचं काम संपलं आणि ती दगडांची खाण झाली.

शेजारीच रोमन फोरम. तिथं कॅस्टर आणि पोलक्स या देवांच्या मंदिराचे फक्त तीन खांब उभे आहेत. थोड्याच अंतरावर अँटोनायनस आणि फॉस्टिना यांचं मंदिर आहे. त्याचे पुढचे खांब मात्र शाबूत, कारण पुढे त्या मंदिरात चर्च झालं. गंमत म्हणजे त्या चर्चचं दार जमिनीपासून कितीतरी उंच, अधांतरी दिसतं. ते बसवलं तेव्हा मातीच्या थरांनी जमीन तिथवर आली होती. नंतर उत्खननात माती काढली आणि दार वरच राहिलं.

दुपारी टायबर नदीवर गेलो. नदीतल्या बेटावर जाणारा फाब्रिचिओ पूल इ. स. पू. ६२ मधला. तिकीट नाही, कुंपण नाही. लोक बाजाराच्या पिशव्या घेऊन त्यावरून जात होते. आम्हीही गेलो. दोन हजारांहून अधिक वर्षं हा पूल आपलं काम करतो आहे. रस्त्यातल्या लोखंडी नळांवर पाणी प्यायलो. त्यांना 'नासोने', म्हणजे मोठं नाक, म्हणतात. तोटीचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या भोकातून कारंजासारखी धार येते. सौ.ला हे कलोसियमपेक्षा जास्त आवडलं!

शेवटी पँथिऑन. सम्राट हेड्रियनच्या काळातलं, म्हणजे जवळजवळ १९०० वर्षांचं. घुमटाचा व्यास ४३ मीटरहून थोडा जास्त, आणि जमिनीपासून उंचीही तेवढीच. आत लोखंडी सळई नाही, तरी घुमट उभा आहे. वर जाताना काँक्रीटमध्ये अधिकाधिक हलका दगड घातला आहे. माथ्यावर मोठं गोल भोक आहे, तिथून ऊन येतं, पाऊसही येतो. पाणी जायला फरशीत बारीक छिद्रं आहेत. २०२३ पासून पर्यटकांना तिकीट लागतं, पण प्रार्थनाही चालू आहे. इ. स. ६०९ मध्ये त्याचं चर्च झालं, म्हणून ते टिकलं.

यावर सौ.नं विचारलं, "पण मूळचे देव गेलेच ना? मग वाचलं काय?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हणालो, भिंती वाचल्या, घुमट वाचला आणि लोकांनी तिथं येऊन हात जोडणं वाचलं. ती म्हणाली, "कलोसियमपेक्षा बरं, पण पुलासारखं नाही. पूल आहे तसाच राहिला."

मित्रहो, हे आपल्यालाही लागू आहे. आपल्यापैकी अनेकांचं गावाकडे एखादं घर कुलूपबंद आहे. राहत्या घराची कौलं दर पावसाळ्याआधी शाकारली जातात. बंद घराला वाळवी लागते, मग शेजारी विचारून एखादी तुळई नेतात, आणि पुढे न विचारता. भाषेचंही तसंच आहे. आपण महाराष्ट्रापासून इतक्या लांब नोकरीनिमित्त आलो आणि इथलेच झालो. मुलं आरती इंग्रजी अक्षरांत लिहून घेतात, मराठीत हिंदी मिसळतात, आणि आपण नाक मुरडतो. मला वाटतं, नाक मुरडू नये. वापरलेल्या वस्तूवर ओरखडे येणारच. पण घरात जेवताना तरी आपापसांत मराठी बोलावं. तेवढंही सोडलं तर उरेल ते तीन खांबांसारखं, फोटो काढण्यापुरतं.

म्हणून मंडळाला एक विनंती. पुढच्या वर्षी मुलांचं नाटुकलं मराठीतच बसवा. उच्चार चुकतील, संवाद विसरतील, आपण प्रेक्षकांत बसून हसू. हरकत नाही. पुलावर माणसं चालती राहिली पाहिजेत.

गणपती बाप्पा मोरया!