भरपूर खाणारे म्हातारे मांजर वाळते तेव्हा
(निपाणी परिसरातील ग्रामस्थ व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गाय, म्हैस, शेळी यांच्या आजारांविषयी आपण व्यासपीठावरून वारंवार ऐकता. मांजराविषयी सहसा कोणी बोलत नाही. ते दूध देत नाही, की नांगर ओढीत नाही. परंतु आपल्या भागातील घरोघरी जोंधळ्याची पोती आणि भुईमुगाच्या शेंगा उंदरांपासून राखणारे जनावर तेच होय. दहा-बारा वर्षे ही राखण करून ते म्हातारे झाले म्हणजे त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य उरते की नाही, एवढाच आजचा प्रश्न आहे.

मी पशुवैद्य नव्हे. घरात जे पाहिले आणि जाणकारांकडून जे समजून घेतले, तेच सांगणार आहे. आमच्या मातोश्रींची मनी तेरा वर्षांची झाली आणि अचानक तिची भूक वाढली. ताटाभोवती ओरडावे, रात्री घरभर फिरावे, दुप्पट खावे. मातोश्रींना आनंद वाटला. पण गणपतीत अंगाने भरलेली मनी दिवाळीला हाडांचा सापळा झाली. "वय झाले, आता असेच व्हायचे," असे मीच त्यांना सांगितले. ते माझे चुकले. पशुवैद्यांनी मनीच्या गळ्यावरून बोटे फिरविली, छातीला नळी लावली आणि रक्त तपासून निदान केले : थायरॉइड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करीत होती.

ही ग्रंथी गळ्यात श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंस असते. शरीराची चूल किती पेटावी, हे तिच्या स्रावावर ठरते. म्हातारपणी काही मांजरांत तिच्यावर गाठ येते. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते, परंतु तिच्यामुळे स्राव वाढतो. मग खाल्लेले अन्न अंगी लागत नाही आणि हृदय अखंड धावत राहते. मांजरांतील या विकाराचे स्पष्ट वर्णन प्रथम १९७९ साली न्यूयॉर्कमधील पशुवैद्यांनी केले. दहा वर्षांवरील मांजरांत तो विशेषेकरून आढळतो.

लक्षणे अशी : खाणे वाढूनही वजन घटणे, तहान व लघवी वाढणे, वांत्या किंवा पातळ जुलाब, केस विस्कटलेले व तेलकट दिसणे, अस्वस्थपणा. जंत, मधुमेह आणि मूत्रपिंडाचे विकार यांतही मांजर वाळते. म्हणून नुसत्या नजरेने निदान करू नये. रक्तातील 'टी-४' या घटकाची तपासणी करावी लागते. ती सोय जवळ नसल्यास नमुना कोठे पाठवावा, हे पशुवैद्यांनाच विचारावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हल्ली पुष्कळ घरांत थायरॉइडची गोळी घेणारे कोणी तरी असते. आमच्या मातोश्रीही रोज पहाटे ती घेत. मनीच्या आजाराचे नाव ऐकताच "माझ्यातलीच अर्धी देते," असे त्या म्हणाल्या. पशुवैद्यांनी तत्काळ थांबविले. माणसांना बहुधा दिली जाणारी ती गोळी ग्रंथी मंदावलेल्यांसाठी असते. ती स्राव वाढविते. मांजराला ती देणे म्हणजे पेटत्या चुलीत रॉकेल ओतणे होय. त्याला लागते ते उलट गुणाचे, मेथिमेझोल किंवा कार्बिमेझोल नावाचे औषध. त्याचे प्रमाण पशुवैद्यांनीच ठरवावे.

हे औषध बहुधा जन्मभर, ठरलेल्या वेळी द्यावे लागते. बरे वाटले म्हणून बंद केल्यास विकार पुन्हा उलटतो. गोळी मनाने फोडू नये, चुरडू नये. दिल्यावर हात धुवावेत. गर्भवती स्त्रियांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. पहिल्या तीन महिन्यांत विशेष लक्ष ठेवावे. मांजर खाईनासे झाले, तोंड ओरबाडू लागले, सुस्त किंवा पिवळे पडले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. औषध सुरू झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावे आणि मूत्रपिंडेही पाहावीत; कारण वाढलेल्या स्रावाखाली त्यांचा दुबळेपणा झाकलेला असू शकतो. शस्त्रक्रिया व किरणोत्सारी आयोडीन हेही उपाय आहेत. मात्र आपल्या भागात गोळी हाच आवाक्यातला मार्ग होय.

घरची शुश्रूषा साधी आहे. नुसत्या दूधभातावर न ठेवता मासळी, अंडे, मांस यांचे थोडे थोडे अन्न अनेक वेळा द्यावे. पाणी सदैव ठेवावे. निजावयास ऊबदार, शांत कोपरा द्यावा. निपाणीच्या माणसाला वजनाचे मोल सांगावयास नको; तंबाखूचा बोद जसा काट्यावर चढतो, तसे मांजरही पंधरा दिवसांनी टोपलीत घालून तोलावे व आकडा कॅलेंडरवर लिहावा. शिक्षकांनी हे काम मुलांकडे द्यावे. वजन, नोंद आणि दया हे तिन्ही धडे एकदम होतील.

मनी पुढे दोन वर्षे जगली. गोळीची वेळ मातोश्रींनी एकदाही चुकविली नाही. आपल्या घरचे म्हातारे मांजर भरपूर खाऊन वाळत असेल, तर "वय झाले" हे शब्द उच्चारण्यापूर्वी त्याला एकदा दवाखान्यात न्यावे, एवढीच माझी विनंती आहे.