आंकड्याची कुळकथा



आपल्या घरच्या जमाखर्चाच्या वहींत 'किरकोळ' म्हणून मांडलेली एखादी रक्कम सहा महिन्यांनीं पुन्हा वाचून पाहा. आंकडा स्पष्ट असतो. पैसे कोणाला, कशाकरितां दिले, हें मात्र लिहिणारालाहि आठवत नाहीं. घरांत हें प्रकरण थोड्याशा कुरबुरीवर भागतें. कचेरींत, दवाखान्यांत किंवा शाळेंत त्यापायीं एखाद्या निरपराध माणसावर बालंट येऊं शकतें. माझ्या हातून तसें घडलें आहे, म्हणूनच या विषयावर बोलण्याचें धाडस करितों.

मी शिक्षक असतांना मुलांच्या उंची-वजनाची वही माझ्याकडे होती. एका वर्षीं असें दिसलें कीं, वर्गांतील एकाहि मुलाचें वजन वाढलेलें नाहीं. कित्येकांचें तर घटलें आहे. पालक अस्वस्थ झाले. शाळेंत दुपारचें जेवण शिजविणाऱ्या बाईंकडे बोटें वळलीं. धान्य जातें कोठें, अशी कुजबुज सुरू झाली. त्या बिचाऱ्या मान खालीं घालून वाढीत असत. पंधरा दिवसांनीं शिपायानें सहज विचारलें, "गुरुजी, तो जुना वजनकांटा मोडींत द्यायचा ना?" तेव्हां माझे डोळे उघडले. कांटा मींच बदलला होता! जुन्या कांट्यावर दहा किलोचें माप ठेवून पाहिलें. तो साडेअकरा दाखवी. मीं बाईंची क्षमा मागितली. पण वहींत 'कांटा बदलला' एवढे दोन शब्द मीं वेळीं लिहिले असते, तर त्यांच्यावर तो प्रसंगच आला नसता.

अशीच गोष्ट समुद्रावरहि घडली आहे. जगांतील समुद्राच्या पृष्ठभागाचें उष्णतामान 1945 सालीं एकाएकीं सुमारें 0.3 अंश सेल्सिअसनें उतरल्याचें जहाजांवरील नोंदींवरून दिसत होतें. 2008 सालीं डेव्हिड टॉमसन व त्यांचे सहकारी यांनीं त्याचें कारण दाखविलें. युद्धकाळांतील बहुतेक नोंदी अमेरिकन जहाजांच्या होत्या. तेथें इंजिनाकडे येणाऱ्या पाण्याचें उष्णतामान घेत, आणि तें थोडें अधिक भरे. युद्ध संपतांच ब्रिटिश जहाजांच्या नोंदी वाढल्या. ते लोक बादलीनें पाणी वर काढीत, आणि बाष्पीभवनानें तें निवे. समुद्र होता तसाच होता. मोजण्याची रीत बदलली होती. पुष्कळ नोंदींत आंकडा होता, पण बादली कीं इंजिन, हें लिहिलेलें नव्हतें.

मग माणसांना हें लिहिण्याची गोडी लागावी कशी? हुकुमानें लागत नाहीं. आमच्या मुख्याध्यापकांनीं प्रत्येक तक्त्यांत 'शेरा' असा रकाना पाडविला, आणि सर्वांनीं त्यांत 'ठीक' असें लिहून तो भरला. वाचणार कोण, असें ज्याला वाटतें, तो लिहील कशाला?

मॅथ्यू मॉरी या अमेरिकन आरमारी अधिकाऱ्यानें हें मर्म ओळखलें होतें. 1842 सालीं नकाशांचें कोठार त्याच्या ताब्यांत आलें. तेथें पडून असलेल्या जहाजांच्या जुन्या रोजनिशा चाळून त्यानें 1847 पासून वारे व प्रवाह यांचे नकाशे काढले. जो कप्तान ठराविक नमुन्यांत आपल्या सफरीच्या नोंदी पाठवील, त्याला ते नकाशे फुकट मिळत. आपण लिहिलेलें आपल्याच सफरीचे दिवस वांचवितें, हें पटल्यावर कप्तान आपण होऊन लिहूं लागले. पुढें 1853 सालीं ब्रुसेल्स येथें दहा राष्ट्रांच्या प्रतिनिधींनीं नोंदींचा एकच नमुना ठरविला.

आम्हींहि तोच धडा लहान प्रमाणावर गिरविला. एका शिक्षिकाबाईंनीं हजेरीच्या तक्त्यांत लिहिलें होतें, "आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलीं आहेत, उन्हाळ्यांत परततील." त्या एका ओळीमुळें सात मुलांचीं नांवें पटावरून कमी व्हावयाचीं टळलीं. मासिक सभेंत ती ओळ बाईंच्या नांवासह वाचून दाखविली. पुढच्या महिन्यापासून शेऱ्याच्या रकान्यांतला 'ठीक' बराच कमी झाला.

आतां वह्यांच्या जागीं संगणक आले आहेत. त्यांतहि रकाना रिकामा राहूं शकतो. म्हणून ज्यांच्या हाताखालीं चार माणसें काम करितात, त्यांना माझी विनंति आहे. टीप लिहिण्यास कामाच्या वेळांतच दहा मिनिटें द्या, कारण नंतर आठवत नाहीं; लिहिलेलें स्वतः वाचा; आणि तिचा उपयोग झाला, तर लिहिणाराचें नांव चारचौघांत घ्या. आणि गृहिणींनों व गृहस्थहो, आज रात्रीं हिशेब मांडतांना 'किरकोळ' या शब्दापुढें आणखी एक ओळ लिहा.