सहजीवन संपते तेव्हा घर कोणाचे?

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मुख्य भाग)



विवाहाविना एकत्र राहणाऱ्या जोडप्यांचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा ताबडतोब नीतिअनीतीकडे वळते. मला आज बोलावयाचे आहे ते अशा जोडप्याच्या घराविषयी, भांड्याकुंड्यांविषयी आणि बँकेतील शिलकेविषयी. हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित तरुणांपुरता आहे, ही समजूतही प्रारंभीच सोडून दिली पाहिजे. लग्नाच्या जेवणावळीचा खर्च झेपत नाही म्हणून वर्षानुवर्षे लग्नाविना संसार करणारी आदिवासी कुटुंबे आपल्या पालघर जिल्ह्यात आहेत; झारखंडात तर अशा सहजीवनाला ‘ढुकू’ असे नावच आहे.

एक साधे गणित मांडतो. दोघे एकत्र राहतात. त्याचा पगार चाळीस हजार, तिचा तीस. घर त्याच्या नावावर, हप्ते त्याच्या पगारातून. किराणा, दूध, विजेचे बिल, त्याच्या आईचे औषधपाणी हे सारे तिच्या पगारातून. शिवाय स्वयंपाक आणि धुणीभांडी तिच्याकडेच. ती तर कोणी हिशेबात धरतच नाही. बारा वर्षांनी दोघे विभक्त होतात. त्याच्या पैशाचे घर झाले; तिच्या पैशाचे धान्य झाले आणि ते दोघांनी मिळून खाल्ले. वस्तुतः त्या घरात गुंतलेली बचत दोघांची आहे. तिने घरखर्च उचलला नसता तर हप्ते फिटलेच नसते. परंतु खरेदीखताला नाव तेवढे कळते, श्रम कळत नाहीत.

इंग्लंडमध्ये १९८३ साली अपील न्यायालयापुढे नेमका असा खटला आला. एकोणीस वर्षांचे सहजीवन, दोन मुले, घर पुरुषाच्या नावावर. स्त्रीने मुले वाढविली, घर चालविले, पुढे स्वतःच्या कमाईतून घरखर्चालाही हातभार लावला. घराच्या खरेदीत तिचा पैसा नव्हता, म्हणून तिला घरात काडीचाही वाटा मिळाला नाही. न्यायाधीशांना सहानुभूती होती; कायद्यात जागा नव्हती. उलट न्यूझीलंडने २००२ पासून विवाहाविना तीन वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्यालाही विवाहितांप्रमाणेच राहत्या घरात सामान्यतः समान वाटा दिला. तेथील कुटुंबसंस्था त्यामुळे कोसळल्याचे ऐकिवात नाही!

आपल्याकडे काय आहे? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने ‘विवाहसदृश संबंधा’तील स्त्रीला संरक्षण दिले. तिला राहत्या घरातून बेकायदा हुसकावता येत नाही, निर्वाहखर्च मागता येतो. हे पाऊल मोठेच होते. तथापि राहू देणे वेगळे आणि मालकी वेगळी. शिवाय हे संरक्षणही सर्वांना नाही. कर्नाटकातून आलेल्या एका प्रकरणात दंडाधिकाऱ्यांनी स्त्रीला दरमहा अठरा हजार रुपये मंजूर केले होते. सोबती विवाहित आहे हे तिला ठाऊक होते, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तिचा दावा अमान्य केला. संसदेने या प्रश्नाचा विचार करावा, असेही त्याच निकालात म्हटले. संसदेने तो अद्याप केलेला नाही.

त्यात बेनामी व्यवहारांचा कायदा आडवा येतो. आपल्या पैशाने दुसऱ्याच्या नावे घेतलेली मालमत्ता ‘ती माझी आहे’ म्हणून परत मागण्याचा दावा या कायद्याने सर्वसाधारणपणे बंद केला आहे. पती वा पत्नीच्या नावे केलेल्या खरेदीला त्यात सवलत आहे, सहचराच्या नावे केलेल्या खरेदीला ती नाही. म्हणजे घराचे पैसे तिने दिले आणि नाव त्याचे लागले, तर तिची वाट आणखीच बिकट.

विवाहितेची स्थिती तरी फार निराळी आहे काय? गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे पतिपत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक मानली जाते. उर्वरित भारतात घटस्फोटितेला पोटगी मिळते, वाटा नाही. तिला वाटा देऊ पाहणारे विधेयक २०१३ साली राज्यसभेत संमत झाले आणि नंतर व्यपगत झाले. तेव्हा ही लढाई विवाहित आणि अविवाहित स्त्रियांची एकच आहे. पोटगीत दात्याचा हात वर असतो. वाटा हा श्रमाचा मोबदला असतो. आपली मागणी वाट्याची हवी, आणि ती एकत्र राहण्याच्या काळात मिळविलेल्या मालमत्तेपुरती हवी. वडिलार्जित जमिनीचा प्रश्न त्यात आणू नये.

उत्तराखंडाने २०२५ पासून सहजीवनाची नोंदणी सक्तीची केली, ती न केल्यास तुरुंगवासाची तरतूद केली. सोडून दिलेल्या स्त्रीला तेथे पोटगी मागता येते हे खरे, पण मालमत्तेच्या वाटणीचे काय? आंतरजातीय वा आंतरधर्मीय जोडप्यांची यादी सरकारी कचेरीत तयार झाली, तर ती कोणाच्या हाती पडेल, हे या सभागृहात सांगावयास नको.

कायदा होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हाताशी आहे ते वापरावे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार दोघांच्या नावे खरेदी झाल्यास हिस्से ज्याच्या त्याच्या पैशाच्या प्रमाणात ठरतात. तसा पुरावा नसल्यास ते समान मानले जातात. म्हणून खरेदीखतावर दोन्ही नावे घालण्याचा आग्रह धरा. झोपडपट्टी पुनर्वसनात सदनिका पतिपत्नींच्या संयुक्त नावे देण्याची तरतूद आहे. विवाहाचा कागद नसलेली स्त्री तेथे वगळली जाण्याचा धोका राहतो. आपापल्या वस्तीतील पात्रता यादी पुढच्या बैठकीपूर्वी तपासा, आणि अशी किती घरे आहेत ते लिहून आणा.