गर्ट्रूड बेलचा कॅमेरा
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



संघटनेचा कॅमेरा कुणाच्या हातात असावा यावर सकाळी बराच वाद झाला. तो ऐकताना मला सारखी गर्ट्रूड बेल आठवत होती. १८६८ साली इंग्लंडमधल्या लोखंडाच्या कारखानदारांच्या घराण्यात जन्मलेली ही बाई. अरबी, फारसी शिकली, उंटावरून वाळवंट तुडवलं आणि सुमारे ७,००० फोटो काढले. १९०९ मध्ये इराकमधल्या उखैदिरच्या पडक्या महालाची तिने मापं घेतली, फोटो घेतले. एका फोटोत दृश्य मावलं नाही तर शेजारीशेजारी फोटो घेऊन ते ती जोडत असे. त्यातल्या काही वास्तू आता ढासळल्या, काही उरल्याच नाहीत. फोटो मात्र न्यूकॅसल विद्यापीठात जपलेले आहेत.

पण या प्रवासांत जमवलेली टोळ्यांची, वाटांची माहिती पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराच्या कामी आली. १९१६ मध्ये ती बसऱ्याला गेली, पुढे बगदादला ‘ओरिएंटल सेक्रेटरी’ झाली. १९२१ च्या कैरो परिषदेत इराकचा राजा कोण हे ठरलं, तिथे प्रतिनिधी म्हणून ही एकटीच बाई. आणि हीच बाई त्याआधी इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध करणाऱ्या संघटनेचं काम करत होती!

तिच्या मागून वाट काही झाली नाही. ब्रिटिश परराष्ट्र सेवा बायकांना खुली झाली १९४६ मध्ये, आणि लग्न केलं की राजीनामा, हा नियम १९७३ पर्यंत टिकला. आपल्याकडे सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत आल्या, त्याही अशाच अटीखाली. बढतीत डावललं म्हणून त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सुनावणीपर्यंत बढती मिळाली, त्यामुळे याचिका निकालात निघाली, पण न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७९ च्या निकालपत्रात त्या नियमांची चांगलीच झाडाझडती घेतली.

बेलच्या फोटोंत तंबूंपुढे उभी माणसं दिसतात. ही पाहुणी पुढे आपल्या देशाचं काय ठरवणार आहे, हे त्यांना कुठे ठाऊक होतं? मला तिचा राग येतो, आणि फोटोंवरून नजरही हटत नाही.

आपल्या कपाटात वस्तीतल्या बायकांच्या फोटोंचं एक खोकं पडून आहे. मागे नावं नाहीत. एकीलाही प्रत दिलेली नाही. जेवणानंतर मी ते इथे आणते. ज्यांना चेहरे ओळखता येतील त्यांनी पेन्सिल घेऊन बसा.