मोडलेला पाय आणि घरचा गाडा



आज आम्ही तुम्हाला आमच्या मोडलेल्या पायाची गोष्ट सांगणार आहोत. हसू नका. पाय आमचा मोडला, पण त्यातून आलेले शहाणपण सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

पाटण तालुक्यात डोंगराच्या कडेला आमचे गाव. शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही गावीच राहिलो. दीड एकर भाताचे खाचर, एक गाय आणि घरात आम्ही दोघे नवराबायको. मुलगा मुंबईला असतो.

आषाढ लागला होता. पाऊस धो धो पडत होता. गोठ्यापुढच्या दगडावर शेवाळ आले होते. पाय सटकला आणि आम्ही पडलो. डाव्या नडगीचे हाड कडकन मोडले. आवाज आम्हीच ऐकला!

माणसे जमली. एक म्हणाला, "ओढून सरळ करू." दुसरा म्हणाला, "तेल लावून चोळू." पण शेजारचा पोरगा शहाणा. तो म्हणाला, "मास्तर, पाय हलवायचा नाही." त्याने पायाच्या दोन्ही बाजूंना काठ्या ठेवल्या. मध्ये जुने लुगडे घातले आणि बेताने बांधले. मग १०८ नंबरला फोन केला. ती गाडी फुकट येते, हे ध्यानात ठेवा.

दवाखान्यात फोटो काढला. डॉक्टरांनी हाड जागेवर बसवले आणि मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घातले. म्हणाले, "सहा आठवडे हा पाय जमिनीला टेकायचा नाही. पुरते बरे व्हायला तीन-चार महिने लागतील."

आमच्या पोटात गोळा आला. भाताची लावण तोंडावर आली होती. गाय गाभण होती. आणि आम्ही बाजेवर!

हाड कसे जुळते ते सांगतो. आंब्याचे कलम आपण बांधतो. बांधल्यावर ते कोणी हलवते का? हलवले तर कलम जीव धरत नाही. हाडाचे तसेच आहे. मोडल्या जागी आधी रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ सांधा धरतो. मग तो हळूहळू कठीण होतो. मऊ सांध्यावर भार पडला की हाड सरकते. इथे घाई चालत नाही.

हे आम्हाला कळत होते. पण वळत नव्हते.

लावणीला शेजारची माणसे पैऱ्याने आली. आमचे खाचर लावून झाले. खरे तर आनंद व्हायचा. पण आम्हाला लाज वाटू लागली. आता हा पैरा आम्ही फेडायचा कसा? दिशेला बसायला भोकाची खुर्ची लागे. अंघोळीला प्लास्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी लागे. सगळे मुलांची आई करी. शिवाय गोठा, चूल, पाणी तिच्याच अंगावर. जन्मभर पोरांना हुकूम सोडणारे आम्ही, आता तांब्याभर पाणी मागायलाही ओशाळत होतो.

विसाव्या दिवशी रात्री गाय हंबरू लागली. व्यायची वेळ आली होती. मुलांच्या आईचा नुकताच डोळा लागला होता. तिला कशाला उठवा, म्हणून आम्ही कुबड्या घेतल्या आणि एकटेच गोठ्याकडे निघालो. ओल्या जमिनीवर कुबडी सरकली. सगळा भार मोडक्या पायावर आला.

सकाळी पुन्हा दवाखाना, पुन्हा फोटो. हाड सरकले होते. पुन्हा बसवले, नवे प्लास्टर घातले. सहा आठवडे पहिल्यापासून मोजायला लागले. वीस दिवस वाया गेले, पैसे गेले, ते वेगळेच. आणि गाय? ती आपली आपणच सुखरूप व्याली होती!

घरी आल्यावर मुलांची आई म्हणाली, "अहो, तुमच्या पायाचं ओझं मला कधी वाटलं नाही. तुमच्या हट्टाचं वाटतं. मला हाक मारली असती तर काय बिघडलं असतं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाटी घेतली. घरच्या कामांचे तीन भाग केले. पहिला भाग, बसून होणारी कामे. दुसरा भाग, दुसऱ्यांनी करायची कामे. तिसरा भाग, यंदा सोडून द्यायची कामे. परसातली भाजी सोडून दिली. वैरण आणायला रोजाने माणूस लावला. बसून दोर वळणे, भाजी निवडणे, शेंगा फोडणे हे आम्ही घेतले.

दुधाच्या डेअरीचा हिशेब आजवर आम्हीच पाहत होतो. आता डेअरीत मुलांची आई जाऊ लागली. तिला वाचता येत होते, पण पावती कधी हातात घेतली नव्हती. लिटर किती, फॅट किती, भाव किती, हे आम्ही एकदा दाखवले. चार दिवसांत ती स्वतः हिशेब करू लागली. एकदा तर तिने पावतीतली चूक पकडली! आता ते खाते तिच्याकडेच आहे.

आणि पैरा? तोही फिटला. संध्याकाळी शेजारची पोरे बाजेभोवती बसत. आम्ही त्यांना गणित शिकवी. कोणाचा सोसायटीचा अर्ज असे, तो लिहून देई. पैरा खाचरातच फेडावा लागतो असे नाही.

गणपतीनंतर मोठे प्लास्टर निघाले आणि गुडघ्याखाली छोटे आले. पाहतो तो मांडी सुकून बारीक झालेली, गुडघा वाकेना. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम रोज केला. दिवाळीला एका काठीवर अंगणात आलो.

आता थोडे ध्यानात ठेवा.

प्लास्टर घातलेला पाय उशीवर उंच ठेवा. बोटे हलवत राहा. बोटे निळी पडली, गार किंवा बधिर झाली, कळ सोसवेना, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

खाज आली तरी प्लास्टरमध्ये काडी घालू नका. जखम होते.

कुबडीचा भार हातांवर घ्या, काखेवर नको. कुबडीचे रबर झिजले की बदला. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी टाका. उतरताना कुबडी आणि दुखरा पाय आधी.

दूध, नाचणी, डाळ, अंडी खा. विडी-तंबाखू सोडा. त्याने हाड जुळायला उशीर लागतो.

डॉक्टर सांगतील तेव्हाच पाय टेका. आपल्या मनाने नको.

आणि शेवटचे. हाक मारायला लाजू नका. आज शेजारी तुमचे खाचर लावील. उद्या तुम्ही त्याचे काही कराल. गाव असेच चालते.

एवढे सांगून आम्ही थांबतो. आणि हो, घरी गेल्यावर गोठ्यापुढचे शेवाळ आधी खरवडून काढा!