वापरणारा माणूस

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं आयोवा हा मुख्यतः शेतकऱ्यांचा मुलूख. तेथील सू सिटी या गांवीं एका मोठ्या कंपनीचें चित्रपटगृह होतें. इमारत भव्य, सजावट डोळे दिपविणारी. पण प्रेक्षक फिरकेनात. तिकिटाचे दर उतरविले, एका तिकिटांत तीन-तीन चित्रपट दाखविले, खाण्याचे पदार्थ फुकट वाटले. तरी गिऱ्हाईक जाई तें दुसऱ्या एका कळकट चित्रपटगृहाकडे. अखेर कंपनीनें एका तरुण नेपथ्यकाराला तेथें पाठविलें. त्याचें नांव हेन्री ड्रेफस.

ड्रेफसनें पडदे, रंग, दिवे यांपैकीं कशालाही हात लावला नाहीं. तो नुसता दर्शनी दालनांत उभा राहिला आणि लोकांचें बोलणें ऐकत राहिला. त्या बोलण्यांतून उलगडा झाला. शेतावरून व कामावरून येणाऱ्या माणसांना आंतल्या उंची गालिचाची धास्ती वाटत होती! आपल्या बुटांनीं तो मळेल, या संकोचानें तीं दारावरूनच परत जात. श्रीमंताच्या दिवाणखान्यांतील बैठकीवर पाय ठेवतांना खेड्यांतला मनुष्य कसा अवघडतो, हें महाराष्ट्रांतील श्रोत्यांना वेगळें सांगावयास नको. ड्रेफसनें गालिचा काढविला आणि साधी रबराची चटई घातली. प्रेक्षक येऊं लागले.

हा ड्रेफस १९०४ सालीं न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत जन्मला. रंगभूमीवरील कामांतून तो वस्तूंच्या रचनेकडे वळला व १९२९ मध्यें त्यानें स्वतःची कचेरी उघडली. पुढें घड्याळें, शेतीचे ट्रॅक्टर, आगगाड्या, झाडलोटीचीं यंत्रें अशा नाना वस्तूंना त्याच्या कचेरींत रूप मिळालें. पण हाताखालीं माणसें घेऊन काम करणाऱ्याला कौशल्याहून आणखी एक गोष्ट लागते: कोणत्या कामाला नकार द्यावयाचा, हें ठरविणारा हेतु. ड्रेफसचा हेतु त्याच्या नकारांतून फार स्पष्ट दिसतो.

कारकीर्दीच्या आरंभींच मेसी या न्यूयॉर्कच्या विख्यात दुकानानें त्याला काम देऊं केलें. दुकानांतील माल पाहावा, बेढब वस्तु निवडाव्या आणि त्यांना सुधारलेलें रूप द्यावें, असें तें काम होतें. त्यानें माल पाहिला आणि तें नाकारलें. वस्तु तयार झाल्यावर तिच्यावर सौंदर्याचा मुलामा चढविण्यांत त्याला अर्थ वाटेना. रचनाकारानें कारखानदाराबरोबर पहिल्यापासून बसलें पाहिजे, असें त्याचें मत होतें. पुढें १९३० च्या सुमारास टेलिफोन बनविणाऱ्या बेल प्रयोगशाळेनें भावी टेलिफोनच्या कल्पना मागविल्या. निवडलेल्या दहा कलावंतांना प्रत्येकीं एक हजार डॉलर मिळावयाचे होते. मंदीच्या दिवसांत ही रक्कम लहान नव्हे. ड्रेफसनें कळविलें कीं, यंत्रज्ञांच्या सहकार्यानें, आंतून बाहेर असें काम करावयाचें असेल तरच तो करील. त्यानें कलावंताची प्रतिभा जखडली जाईल, असें प्रयोगशाळेला वाटलें आणि बोलणें मोडलें. आलेल्या चित्रांनीं समाधान झालें नाहीं, तेव्हां तीच मंडळी त्याच्या दारीं परत आलीं.

या सहकार्यांतून १९३७ चा टेलिफोन व १९५० च्या सुमारास त्याची सुधारलेली आवृत्ति निघाली. दुसऱ्या खेपेस चकतीवरचे आंकडे भोकांतून काढून बाहेरच्या कडेवर आणले, म्हणजे ते बोटाखालीं झांकले जाऊं नयेत. युक्ति निर्दोष दिसत होती. प्रत्यक्षांत लोकांची गति मंदावली! बोटाला नेम धरावयास कांहींच उरलें नव्हतें. मानवी वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या जॉन कार्लिन यांनीं प्रत्येक भोकाच्या तळाशीं एक पांढरा ठिपका सुचविला आणि गति पूर्ववत् झाली. कागदावर कितीही शहाणपण असलें, तरी शेवटचा निवाडा बोटाचाच.

वस्तु आणि माणूस यांचा जेथें स्पर्श होतो तेथें घर्षण उत्पन्न झालें, तर रचनाकार हरला, हें ड्रेफसचें सूत्र होतें. तें पाळण्यासाठीं तो स्वतः कपडे धूत असे, ट्रॅक्टर चालवी, शेतांत खतही पसरी. कचेरींत ज्यो आणि जोसेफीन या दोन काल्पनिक व्यक्तींच्या आकृति असत. हात कोठवर पोंचतो, मान किती वळते, हीं मापें त्यांवर मांडलेलीं. १९६० सालीं तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. अर्थात् तीं शरीरें अमेरिकन होतीं. पाटावर बसून विळीनें भाजी चिरणाऱ्या गृहिणीला त्यांचा उपयोग बेताचाच.

यांत साधुत्व नव्हतें, हेंही सांगितलें पाहिजे. वस्तूची परीक्षा करण्याच्या त्याच्या पांच कसोट्यांत खपाला स्थान होतें, किंमतीलाही होतें. मात्र उपयोग व सुरक्षितता पहिलीं आणि देखणेपण शेवटचें. शिवाय, आपल्याला जातीनें लक्ष घालतां येईल इतकींच गिऱ्हाइकें तो घेई. टेबलापलीकडच्या गृहस्थाला सुलट दिसावें म्हणून तो समोर बसून उलटें चित्र काढी. कांहींना हा नाटकीपणा वाटे. पण ज्याला पाहावयाचें त्याच्याच बाजूनें रेघ ओढण्याची ही खोड त्याच्या साऱ्या धंद्यांत होती.

१९७२ सालीं, मृत्यूच्याच वर्षीं, त्याचा अखेरचा मोठा ग्रंथ निघाला. त्यांत आहे देशोदेशींच्या खुणांचा संग्रह: परक्या स्टेशनावर, कारखान्यांत किंवा इस्पितळांत उभ्या असलेल्या, तेथील लिपि न येणाऱ्या माणसाला वाट कळावी म्हणून.