रीतीलाही गुण असतात
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मला ‘सॉफ्टवेअर कंपनीतले अनुभव’ हा विषय दिला आहे. मी फक्त मुलाखतीच्या खोलीबद्दल बोलतो, कारण त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसलो आहे.

2002 साली डिग्री हातात आली तेव्हा आयटीत मंदी होती. अमेरिकेतल्या डॉट-कॉम कंपन्या बुडाल्याचा फटका पार अंधेरीच्या सीप्झपर्यंत बसला होता. वॉक-इनची जाहिरात आली की बायोडेटाच्या झेरॉक्स काढायच्या आणि रांगेत उभं राहायचं. पहिला प्रश्न ठरलेला, ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ.’ आपण मराठी माध्यमाचे. मी उत्तर मनात मराठीत जुळवायचो, मग इंग्रजीत करायचो, तोवर साहेब पुढच्या प्रश्नावर गेलेले असायचे. शेवटी ‘वुई विल लेट यू नो.’ घरातला फोन वाजला की आई पदराला हात पुसत धावायची. सात ठिकाणांहून फोन आलाच नाही. आठव्या ठिकाणी नोकरी लागली.

आज मी घोडबंदर रोडवरच्या एका छोट्या कंपनीत मुलाखती घेतो. ज्या पातलीपाड्याला आता टीसीएसची मोठी इमारत आहे, त्याच रस्त्यावर आपण कधीकाळी सायकली दामटल्या होत्या.

काही वर्षांपूर्वी शहापूरकडची एक मुलगी मुलाखतीला आली. आसनगावहून लोकल, ठाण्याहून बस आणि कापूरबावडीला ट्रॅफिक. पोचायला चाळीस मिनिटं उशीर झाला. मी तिला नेहमीचा प्रश्न दिला: शंभर आकड्यांत एखादा आकडा दोनदा आला आहे का, ते शोधणारा प्रोग्रॅम लिही. ती एक शब्द न बोलता कागदावर लिहीत राहिली. मी विचारलं, ‘काय करते आहेस?’ ती गप्प. दहा मिनिटांत मी ‘थँक यू’ म्हटलं आणि फॉर्मवर ‘संवादकौशल्य कमी’ असा शेरा मारला.

संध्याकाळी टेबल आवरताना तिचा कागद हाती लागला. तिने आधी प्रत्येक आकडा बाकी सगळ्यांशी ताडून पाहायचं ठरवलं होतं. त्यात 4,950 तुलना होतात. ते तिने स्वतःच खोडलं होतं. मग आकडे चढत्या क्रमाने लावून फक्त शेजारचे दोन-दोन ताडले होते. क्रम एकदा लागला की 99 तुलनांत काम होतं. चूक एकच होती, शेवटच्या आकड्याला शेजारी नसतो, हे ती विसरली होती. अशी चूक मी आजही करतो.

दुसऱ्या दिवशी मी एचआरकडे गेलो. जागा भरली होती. तिला साधा नकारही कळवलेला नव्हता. तिच्याही घरी कोणीतरी फोनकडे डोळे लावून बसलं असेल.

त्या रात्री मला आपल्या गणिताच्या बाई आठवल्या. उत्तर चुकलं तरी त्या रीत तपासायच्या आणि रीतीचे गुण द्यायच्या. बाई, तुमच्या हाताखाली शिकूनही मी त्या दिवशी नुसतं उत्तर तपासलं, आणि तेही नीट नाही.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो. उमेदवार आला की आधी पाणी आणि पाच मिनिटं विसावा. मग सांगतो, ‘विचार मराठीत कर, हिंदीत कर, पण मोठ्याने कर.’ आणि नकार असला तरी आठवड्याच्या आत, कारणासकट, मी स्वतः कळवतो. इंग्रजी लागतं, हे खोटं नाही. परदेशी ग्राहकाशी इंग्रजीतच बोलावं लागतं. पण ते सहा महिन्यांत सुधारतं. स्वतःचं चुकीचं उत्तर खोडण्याची सवय मात्र इतक्या लवकर लागत नाही.

आपली मुलं आता मुलाखतीच्या वयात येतील. त्यांना एवढंच सांगा, अडलात तर गप्प बसू नका, कुठे अडलात ते सांगा. समोरच्याला तुमच्या डोक्यातलं दिसत नाही. सरावासाठी कुणालाही रविवारी सकाळी माझ्याकडे पाठवा, मी घरीच असतो.

आणि आपल्यापैकी जे आज टेबलाच्या पलीकडे बसतात त्यांना विनंती, शेरा मारण्याआधी कागद वाचा.